जल सुफेनीकरण, घरगुती

विहिरी व विंधण विहिरी यांच्या पाण्यात विरघळलेली कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे साबणाचा फेस होऊ देत नाहीत आणि पाणी तापविले असता भांड्यांवर व तापकांवर पांढरी पुटे धरतात. अशा पाण्याला दुष्फेन (बोलीत जड किंवा कठीण) पाणी म्हणतात. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आयन (विद्युत् भारित अणू, रेणू वा अणुगट) दूर करून त्याला सुफेन बनविण्याच्या क्रियेस सुफेनीकरण आणि घरगुती वापरासाठी ही क्रिया करणाऱ्या उपकरणास जलसुफेनक म्हणतात. आज घरोघरी दिसणारे बहुतेक सुफेनक आयन-विनिमय या तत्त्वावर चालतात. त्यात पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेतले जाते व त्यांच्या जागी सममूल्य सोडियम पाण्यात सोडले जाते. म्हणजे ही अदलाबदल असते. पाण्यातील विद्राव्य पदार्थांचे एकूण प्रमाण तीमुळे कमी होत नाही. हा मुद्दा ध्यानात न घेतल्यामुळे या उपकरणाविषयी पुष्कळ गैरसमज होतात, तसेच त्याच्या निगेत चुका होतात.

पाण्याची दुष्फेनता : पावसाचे पाणी मुळात सुफेन असते. जमिनीत मुरताना ते हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित अम्लधर्मी होते व खडकांतील खनिजांवर विक्रिया करते. चुनखडकाच्या प्रदेशात या विक्रियेने कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणाऱ्या बेसाल्ट (काळ्या पाषाणाच्या) खडकातही कॅल्शियमयुक्त फेल्स्पार आणि मॅग्नेशियमयुक्त पायरोक्सीन ही खनिजे असल्यामुळे तेथील खोल विंधण विहिरींचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. याउलट कोकणातील जांभ्या खडकाच्या, भरपूर पावसाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी सामान्यतः सुफेन असते. धरणाच्या पाण्याला सरावलेले कुटुंब विंधण विहिरीच्या वा टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या वसाहतीत राहावयास गेले की, केस राठ होणे, नळाच्या तोंडावर पांढरे खवले धरणे, धुतलेले कपडे करडे दिसणे असे अनुभव त्याला येतात.

बायकार्बोनेटांमुळे आलेली दुष्फेनता पाणी उकळल्याने बव्हंशी जाते. कारण बायकार्बोनेटाचे अपघटन होऊन अविद्राव्य कार्बोनेट खाली बसते. हिला तात्पुरती दुष्फेनता म्हणतात. सल्फेटे व क्लोराइडे यांच्यामुळे आलेली दुष्फेनता उकळण्याने जात नाही, म्हणून ती कायम दुष्फेनता होय. पाणी तापविण्याच्या उपकरणातील (गीझरमधील) पुटे मुख्यतः तात्पुरत्या दुष्फेनतेमुळे धरतात. हा थर उष्णतेचा मंद वाहक असल्याने तापक तारेची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचण्यास अडथळा होतो, तार अतितप्त होते आणि लवकर निकामी होते.

दुष्फेनता ही एक लिटर पाण्यातील तितक्याच मूल्याच्या कॅल्शियम कार्बोनेटाच्या मिलिग्रॅममध्ये व्यक्त करण्याची पद्धत आहे. सामान्यतः ६० मिग्रॅ./लि. पर्यंतचे पाणी सुफेन, १२० पर्यंतचे मध्यम, १८० पर्यंतचे दुष्फेन व त्यापुढील अतिदुष्फेन मानतात. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पेयजलात ही दुष्फेनता २०० मिग्रॅ./लि. पर्यंत स्वीकारार्ह असून दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत चालते. साबणाच्या नासाडीची कल्पना एका साध्या हिशोबाने येईल. ३०० मिग्रॅ./लि. दुष्फेनतेच्या १५ लि. पाण्यात (एका बादलीत) टिकाऊ फेस येण्यापूर्वी सु. २७ ग्रॅ. सोडियम स्टिअरेट (साबणाचा एक मुख्य घटक) केवळ कॅल्शियमाशी संयोग पावून चिकट साक्याच्या रूपाने वाया जाते. कृत्रिम प्रक्षालके अशा पाण्यातही फेस देतात. त्यामुळे धुण्यापुरती ही अडचण कमी झाली आहे. मात्र पुटे धरण्याची अडचण होती तशीच आहे.

इतिहास : दुष्फेन पाण्यात चुन्याची निवळी मिसळून तात्पुरती दुष्फेनता घालविण्याच्या कृतीचे एकस्व (पेटंट) स्कॉटलंडमधील टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये घेतले. ही पद्धत नगरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांना सोयीची, परंतु घराला गैरसोयीची होती. घरगुती सुफेनकाचे मूळ वेगळ्याच क्षेत्रात, म्हणजे शेतीच्या खतासंबंधीच्या संशोधनात आहे. एच. एस. टॉमसन या इंग्रज शेतीतज्ञांना असे आढळले की, अमोनियम सल्फेटाचा विद्राव मातीच्या थरातून झिरपू दिला, तर अमोनिया मातीत राहतो आणि खाली कॅल्शियम सल्फेटाचा विद्राव येतो. जे. टी. वे यांनी याचा पद्धतशीर अभ्यास करून मातीतील विशिष्ट सिलिकेटांमुळे ही अदलाबदल होते, असे दाखविले. या दोघांचे निबंध १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रोबेर्ट गान्स यांनी कृत्रिम ॲल्युमिनोसिलिकेटे बनवून ती पाणी सुफेन करण्यासाठी वापरली. अशा पदार्थांना झिओलाइटे म्हणत. हे नाव स्वीडिश खनिजवैज्ञानिक क्रूनस्टेट यांनी १७५६ मध्ये तापविताच उकळल्यासारखे दिसणाऱ्या एका खनिजावरून दिले होते. या वर्गातील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट इ. खनिजांचे सुंदर स्फटिक पुणे, नासिक वगैरे जिल्ह्यांतील बेसाल्टाच्या पोकळ्यांत सापडतात व जगभरच्या संग्रहालयांत ते दिसतात. सुफेनकात मात्र ही नैसर्गिक खनिजे आता वापरली जात नाहीत. १९३५ मध्ये इंग्लंडमधील टेडिंग्टन येथे ॲडम्स व होम्स यांनी आयन-विनिमय करणारी कृत्रिम रेझिने तयार केली आणि १९४४ मध्ये अमेरिकेत डी'आलेल्यो यांना पॉलिस्टायरिनापासून बनविलेल्या रेझिनाचे एकस्व मिळाले. आजची सुफेनक रेझिने याच प्रकारची आहेत.

कार्यतत्त्व : हे रेझीन साधारणपणे ०·३ ते १·२ मिमी. व्यासाच्या, रव्याच्या कणांसारख्या पिंगट मण्यांच्या स्वरूपात असते. पॉलिस्टायरिनाच्या लांब साखळ्या डायव्हिनिल बेंझिनाने एकमेकींना आडव्या बांधलेल्या असल्याने मणी पाण्यात फुगतो, पण विरघळत नाही. या साखळ्यांना जागोजाग सल्फॉनिक गट जोडलेले असतात. हे गट ऋण विद्युत् भारित असून जागचे हलू शकत नाहीत; त्यांच्याजवळ धन भारित सोडियम आयन मात्र सुटे वावरत असतात. दुष्फेन पाणी मण्यांमधून जाऊ लागले की, दुप्पट भार असलेला प्रत्येक कॅल्शियम वा मॅग्नेशियम आयन दोन सोडियम आयनांना हुसकून त्यांची जागा घेतो. रेझिनाचा ओढा कॅल्शियमाकडे सर्वांत जास्त, मॅग्नेशियमाकडे त्याखालोखाल व सोडियमाकडे त्याहून पुष्कळच कमी असतो.

रेझिनाजवळील सोडियम संपत आले की, दुष्फेन पाणी तसेच पुढे जाऊ लागते. या वेळी रेझिनाचे पुनर्जनन करावे लागते, म्हणजे त्यातून मिठाचा (सोडियम क्लोराइडाचा) सु. १० टक्के संहतीचा विद्राव सोडावा लागतो. रेझिनाला कॅल्शियम अधिक आवडत असताना सोडियम त्याला हुसकून कसा लावतो, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. याचे उत्तर संहतीत आहे. मिठाच्या संहत विद्रावात सोडियमाची संख्या इतकी प्रचंड असते की, समतोल उलट दिशेला झुकतो. शिवाय विद्राव जितका संहत, तितकी दुप्पट भाराच्या आयनांविषयीची रेझिनाची आवडही कमी होते. सुटलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम क्लोराइडांच्या रूपाने मोरीत वाहून जातात. रेझीन यात खर्ची पडत नाही. खर्च होतो तो मिठाचा व धुण्याच्या पाण्याचा.

रचना व चक्र : उपकरणाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला म्हणजे रेझिनाने सु. निम्मे ते दोनतृतीयांश भरलेले दाबसह नळकांडे व त्याच्या माथ्यावरील नियंत्रक झडप. दुसरा म्हणजे मिठाची टाकी. नेहमीच्या वापरात पाणी वरून शिरते, रेझिनाच्या थरातून खाली उतरते आणि मध्यावरील नळीने वर येऊन घरात जाते. पुनर्जननात प्रथम पाणी उलट, म्हणजे खालून वर सोडतात. त्यामुळे दबलेला थर सैल होतो व अडकलेला गाळ निघून जातो. नळकांड्यातील रिकामी जागा याचसाठी ठेवलेली असते. यानंतर झडपेतील एका अरुंद तोटीतून वेगाने जाणारे पाणी मिठाच्या टाकीतील विद्राव ओढून घेते, त्याला विरळ करते आणि सावकाश रेझिनातून पुढे नेते. सर्वांत अधिक वेळ याच टप्प्याला, सु. तासभर, लागतो; घाई केल्यास मीठ फुकट जाते. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन मिठाच्या टाकीत पुढील खेपेचे पाणी भरले जाते. सर्व चक्रास सु. दीड तास लागतो. स्वयंचलित झडपांपैकी काही ठराविक दिवसांनी, तर काही मापकाने मोजलेले पाणी संपल्यावर हे चक्र सुरू करतात. घरातील माणसे कमीअधिक होत असतील, तर दुसरा प्रकार निःसंशय चांगला.

मीठ ओढून घेणाऱ्या तोटीला दर चौ. सेंमी.ला सु. दीड ते दोन किग्रॅ. दाब लागतो. भारतात बहुतेक घरांना गच्चीवरील टाकीतून पाणी मिळते व दर १० मी. उंचीला दाब फक्त एक किग्रॅ. भरतो. त्यामुळे बंगल्याच्या वरच्या मजल्यावर बसविलेला सुफेनक दाबवर्धक पंप नसल्यास मीठ ओढतच नाही, आणि दोष रेझिनाला दिला जातो. नळाला किंवा धुलाई यंत्राला जोडण्याच्या लहान सुफेनकांत मिठाचे पाणी हाताने ओतावे लागते, म्हणून त्यांना ही अडचण येत नाही.

मिठाचा हिशोब : सुफेनकाच्या खर्चाचे सर्व गणित येथे आहे. तत्त्वतः १०० ग्रॅ. दुष्फेनता काढण्यास ११७ ग्रॅ. मीठ पुरावे, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते. दर लिटर रेझिनाला सु. ९६ ग्रॅ. मीठ दिल्यास ते सु. ४६ ग्रॅ. दुष्फेनता काढू शकते. मीठ अडीचपट, म्हणजे २४० ग्रॅ. केल्यास ही क्षमता सु. ६९ ग्रॅ. होते, अर्थात दीडपटच वाढते. समजा, पाच माणसांचे कुटुंब दररोज माणशी १३५ लि. प्रमाणे ६७५ लि. पाणी वापरते आणि पाण्याची दुष्फेनता ४०० मिग्रॅ./लि. आहे. दररोज २७० ग्रॅ. दुष्फेनता काढावी लागेल. सुफेनकात २५ लि. रेझीन असल्यास कमी मिठाच्या पद्धतीने दर चौथ्या दिवशी २·४ किग्रॅ., म्हणजे महिन्याला सु. १८ किग्रॅ. मीठ लागेल. भरपूर मीठ घालून दर सहाव्या दिवशी पुनर्जनन केले, तर दर वेळी ६ किग्रॅ. प्रमाणे महिन्याला ३० किग्रॅ. लागेल. म्हणजे पुनर्जनन थोड्या मिठात व वारंवार करणे हिताचे; त्यात धुण्याचे पाणी थोडे अधिक जाते इतकेच. जेथे पाणीच दुर्मिळ आहे, तेथे हा विचार उलट करावा लागेल.

टाकीत मीठ अधिक भरल्याने रेझिनाला अधिक मीठ मिळते, ही समजूत चुकीची आहे. एक लिटर पाण्यात सु. ३६० ग्रॅ.हून अधिक मीठ विरघळत नाही. त्यामुळे रेझिनाला मिळणारे मीठ टाकीत भरल्या जाणाऱ्या पाण्यावर ठरते. २·४ किग्रॅ. मिठासाठी टाकीत सु. ६·७ लि. पाणी पुरते.

निगा : मिठाची पातळी पाण्याच्या पातळीखाली जाऊ न देणे ही पहिली गोष्ट. मीठ शक्यतो शुद्ध, गोळ्यांच्या किंवा धुतलेल्या मोठ्या खड्यांच्या स्वरूपातील वापरावे. मिठागरातील न धुतलेल्या खडेमिठात माती, जिप्सम व मॅग्नेशियमाची लवणे असतात. माती तोटी बुजविते आणि उरलेली लवणे ज्यासाठी हा खटाटोप करावयाचा तीच दुष्फेनता रेझिनाला परत देतात. खाण्याचे बारीक मीठ रासायनिक दृष्ट्या चालते, पण टाकीच्या तळाशी त्याचा घट्ट लगदा बसतो.

दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, मिठाच्या वरच्या थराची पोळी धरते आणि तिच्याखाली पोकळी राहते. वरून पाहणाऱ्यास टाकी भरलेली दिसते. प्रत्यक्षात पाण्याचा मिठाशी संबंध तुटलेला असतो व रेझिनातून नुसते पाणी फिरत राहते. मिठाची पातळी अनेक आठवडे मुळीच उतरली नाही, तर हा दोष समजावा. बोथट लाकडी काठीने पोळी हलकेच फोडावी. लोखंडी पहारीने टाकीला वा आतील नळीला भोक पडू शकते. टाकी दोनतृतीयांशाहून अधिक न भरल्यास हा त्रास कमी होतो. वर्षातून एकदा ती रिकामी करून धुवावी, आणि त्याच वेळी झडपेतील तोटी व तिची जाळी काढून स्वच्छ करावी. पाणी गढूळ असल्यास सुफेनकाच्या आधी गाळणी बसविणे आवश्यक आहे.

रेझिनाचे दोन शत्रू म्हणजे लोह व क्लोरीन. विंधण विहिरीतून येणारे विद्राव्य लोह रेझिनात शिरते, हवेच्या संपर्काने त्याचा गंज बनतो आणि तो मण्यांवर व मण्यांत बसतो. मिठाने तो निघत नाही. सायट्रिक अम्लासारखी खास द्रव्ये वापरावी लागतात. अशी अम्ले व विरंजक चूर्णाचे पाणी एकत्र कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. लोह जास्त असेल, तर ते सुफेनकापूर्वीच वेगळे काढणे शहाणपणाचे असते. नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन रेझिनाचे आडवे बंध हळूहळू तोडते. मणी मऊ होऊन फुगतात व पाण्याचा प्रवाह मंदावतो. एरवी चांगले रेझीन दहा-पंधरा वर्षे टिकते. नळाच्या पाण्यात पिंगट मणी दिसू लागल्यास नळकांड्याच्या तळाची जाळी फुटली आहे असे समजावे. घर बरेच दिवस बंद असल्यास साचलेल्या पाण्यात सूक्ष्मजंतू वाढतात. म्हणून परत आल्यावर प्रथम पुनर्जनन करून घ्यावे.

सुफेनक नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी अनेक जण विद्राव्य घनपदार्थ दाखविणारे खिशातील विद्युत् मापक वापरतात आणि आकडा कमी झाला नाही, म्हणून विक्रेत्याशी भांडतात. वर सांगितलेली अदलाबदल लक्षात घेता हा आकडा कमी होणारच नाही. योग्य परीक्षा दुष्फेनतेची. बाटलीत थोडे पाणी घेऊन त्यात खऱ्या साबणाचे (प्रक्षालकाचे नव्हे) काही थेंब टाकून हलविल्यास सुफेन पाण्यावर दाट फेस राहतो व पाणी खाली स्वच्छ दिसते. दुष्फेन पाणी दुधाळ होते. अधिक अचूक परीक्षेसाठी ईडीटीए या द्रव्याचे थेंब मोजून टाकण्याचे संच मिळतात. एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा मद्यासारखा तांबडा रंग निळा होईपर्यंत लागलेल्या थेंबांवरून दुष्फेनता कळते. महिन्यातून एकदा, पुनर्जननाच्या आदल्या दिवशी, ही परीक्षा करणे पुरेसे आहे.

मर्यादा : प्रत्येक १०० मिग्रॅ. दुष्फेनतेमागे पाण्यात ४६ मिग्रॅ. सोडियम येतो. वरील उदाहरणातील पाण्यात याप्रमाणे लिटरमागे १८४ मिग्रॅ. सोडियमाची भर पडते. रक्तदाब, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे विकार यांमुळे ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांच्यासाठी व तान्ह्या मुलांच्या दुधासाठी असे पाणी वापरू नये. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचा एक नळ सुफेनकाच्या आधीच काढून ठेवणे हा साधा व बिनखर्ची उपाय आहे. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरता येते. पण ते महाग असते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना तेही अपायकारक ठरू शकते.

मुळात खारट असलेले पाणी सुफेनकाने गोड होत नाही. अकोला, बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील भूजलात सोडियमच विपुल असतो. तेथे सोडियमाची भर घालणारे उपकरण निरुपयोगी असून व्यस्त तर्षणासारख्या (दाबाने पाणी पटलातून गाळण्याच्या) पद्धतींची गरज असते. नळीभोवती चुंबक वा तारेचे वेटोळे बसवून पाणी सुफेन करण्याचा दावा करणारी उपकरणेही बाजारात आहेत. त्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची दुष्फेनता मोजल्यास ती तेवढीच भरते. पुटे कमी धरतात की नाही याविषयीच्या प्रयोगांचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत.

पुनर्जननातून बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. सांडपाण्याच्या नेहमीच्या शुद्धीकरणात क्लोराइड निघत नाही. ते थेट नदीत जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सँटा क्लॅरिटा खोऱ्यातील मतदारांनी याच कारणासाठी २००८ मध्ये मिठावर चालणारे स्वयंचलित सुफेनक घरांतून काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे हे पाणी बागेत सोडण्याची प्रथा दिसते, ती अधिक घातक होय. टॉमसन व वे यांनी पाहिलेली अदलाबदल येथे बागेतच घडून येते : माती सोडियम धरून ठेवते आणि आपले कॅल्शियम गमावते. काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्याने तिचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते व सुकल्यावर पृष्ठभागाला कठीण पापुद्रा येतो. अशी जमीन सुधारण्यासाठी तिला जिप्सम देऊन कॅल्शियम परत पुरवावे लागते व नंतर भरपूर गोड्या पाण्याने निचरा करावा लागतो. म्हणून पुनर्जननाचे पाणी सांडपाण्याच्या नळातच सोडावे आणि बागेचा नळ सुफेनकाच्या आधी काढावा.